मादीच्या जागी मादी: डोंबिवलीतल्या एका टँकमधल्या क्लाऊन माशांचं प्रकरण

## पार्श्वभूमी

टँक डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधला, खाऱ्या पाण्याचा. माप ३६×१८×१८ इंच. काचेच्या मापानं हिशेब केला तर १९१ लिटर, पण वरचा मोकळा काठ, वाळू आणि दगड वजा केले की खरं पाणी १५० लिटरच्या आसपास. मागे लटकवलेला स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), समोरासमोर दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे छोटे पंप), दर रविवारी २० लिटर पाणी बदलायचा नेम. दगड सगळे सिरॅमिकचे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्या वाटेला जायचं नाही हे मालकानं सुरुवातीलाच ठरवलं होतं. ॲनिमोनही, म्हणजे समुद्रात क्लाऊन मासे ज्याच्या आडोशाला राहतात तो प्राणीही, नव्हता. डाव्या कोपऱ्यात एक कोरी, चार इंची मातीची कुंडी आडवी ठेवलेली होती. ॲनिमोन मिळाला नाही तर क्लाऊन मासे असलं काहीही घर म्हणून धरतात: कुंडी, पाइपचं तोंड, कधी कधी नुसता काचेचा कोपरा.

टँकमध्ये ऑसेलारिस जातीची क्लाऊन जोडी, एक फायरफिश नावाचा छोटा मासा आणि एक क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंबी. जोडी पिल्लं असतानाच एकत्र आणलेली. पावणेतीन वर्षांत मोठा मासा ८ सेंटिमीटरचा झाला, धाकटा साडेपाचाचा. मोठी मादी, धाकटा नर, आणि दोघांत कधी फाटलेलं शेपूटही दिसलं नव्हतं. मालक सकाळी लोकल पकडून जाणारा, त्यामुळे दुपारचं खाणं त्याची आई घालायची. या प्रकरणात आईंचा वाटा मोठा आहे, तो पुढे येईल.

मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं. चिलर नव्हता. मालकानं काचेचं झाकण काढलं आणि दोन छोटे पंखे पाण्यावर रोखले. पाणी २८ वर आलं. रोज दोन-अडीच लिटर पाण्याची वाफ व्हायची, ती गोड आरओ पाण्यानं भरून काढली जायची. (इथं मिठाचं पाणी घालायचं नसतं. मीठ टँकमध्येच राहतं, उडतं ते फक्त पाणी.) सगळं नियमानं चाललं होतं, फक्त टँक उघडा होता. तिसऱ्या आठवड्यात मादी दिसेनाशी झाली. सापडली ती भिंत आणि स्टँड यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत. क्लाऊन उडी मारत नाहीत, असं दुकानात सर्रास सांगतात. मारतात, रात्री काही दचकवलं की हमखास.

## पाच महिने एकट्याचे

मागे राहिलेला मासा, त्याला इथं ‘जुना’ म्हणू, व्यवस्थित खात होता. आधी दोघांना मिळून घातलं जायचं तेवढंच खाणं आता त्याला आणि फायरफिशला मिळत होतं. ऑक्टोबरपर्यंत तो साडेपाचावरून ६.८ सेंटिमीटरवर गेला. त्याच काळात त्याचं वागणं बदललं. कुंडीच्या आसपास फायरफिशला फिरकू देईना. काच पुसायचं चुंबक आत फिरवलं की त्यावर धडका मारायचा. मालकानं याचा अर्थ लावला तो असा: जोडीदार गेल्यामुळे बिचारा चिडचिडा झालाय.

अर्थ चुकला, आणि पुढचं सगळं त्या चुकीतून निघालं. तीन वर्षं दबून राहिलेला नर अचानक दादागिरी करायला लागला, लांबीला वाढला, घराची राखण स्वतःकडे घेतली, तर तो वरच्या जागेवर बसलाय असं समजायचं.

## दिवाळीतली खरेदी

दिवाळीच्या सुट्टीत मालक जोडीदार आणायला गेला. दुकानदाराला त्यानं खरी हकीकत सांगितली: मादी गेली, नर उरलाय. दुकानदाराचं उत्तर सरळ होतं, “मग साहेब, मादीच न्या ना. हा मोठा पीस बघा, पक्की मादी आहे.” मासा खरोखरच मादी असावी. ७.२ सेंटिमीटर, भरलेली, चमकदार, दुकानात कित्येक महिने एकटीच एका टँकमध्ये राहिलेली. मे महिन्यात हा सल्लाही अगदीच वाया गेला नसता. ऑक्टोबरमध्ये तो आगीत तेल होता, कारण तोपर्यंत घरी नर उरलाच नव्हता.

घरी आणल्यावर पिशवी पाऊण तास टँकवर तरंगवली, थेंब थेंब पाणी सोडून क्षारता जुळवली, दिवे बंद केले आणि मासा थेट टँकमध्ये सोडला. पाण्याशी जुळवून घ्यायला जे करायचं ते सगळं केलं. माशाशी जुळवून घ्यायला काहीच नाही.

## पहिले चार दिवस

दहा मिनिटांत दोघं समोरासमोर आले. कल्ले फुगवून, एकमेकांना बाजू दाखवत एक फेरी झाली. मग जबड्यात जबडा अडकवून दोघं गरगर फिरत वाळूवर आदळले, सुटले, पुन्हा भिडले. काचेतून टक् टक् आवाज येत होता. हा आवाज क्लाऊन दात एकमेकांवर आपटून काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा मासा स्किमरच्या पाइपामागे, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड वर करून उभा होता. शेपटाचा वरचा कोपरा फाटलेला, डावा छातीचा पर कडेला पांढुरका. खाणं तोंडासमोरून वाहून गेलं तरी हलला नाही. जुना दर दोन-तीन मिनिटांनी कुंडीतून निघून तीन फूट लांब जायचा, टोचून परत यायचा.

मालकानं तीन दिवस वाट पाहिली. ‘दोन-चार दिवसांत जमतं त्यांचं’ हे त्यानं ऐकलं होतं, आणि ते अर्धसत्य आहे. पिल्लू आणि मोठा मासा असतील तर जमतं. इथं काय बघायला हवं होतं ते नीट सांगायला हवं, कारण क्लाऊन सांभाळणाऱ्याला एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ झालं.

नेहमीची दमदाटी अशी दिसते: वरचा मासा वीतभर अंतर झेपावतो आणि थांबतो. खालचा मासा पळण्याऐवजी अंग तिरकं करतो, जवळजवळ कुशीवर येतो आणि डोक्यापासून शेपटापर्यंत थरथरतो, हिव भरल्यासारखा. हे शरण येणं. ते दिसलं की वरच्याचा जोर ओसरतो आणि दोन मिनिटांनी दोघं खात असतात. जीवघेण्या मारामारीत ही थरथर नसते. पाठलाग वीतभरावर थांबत नाही, टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. हरलेला मासा वरच्या कोपऱ्यात अडकतो, खाणं सोडतो, त्याचे कल्ले भराभर हलतात. नव्या माशानं चार दिवसांत एकदाही थरथरून दाखवलं नाही. हरला होता, पण शरण आला नव्हता.

## मारामारी का पेटली

क्लाऊन माशांची सगळी पिल्लं जन्मतः ना नर, ना मादी. गटात सगळ्यांत मोठा आणि वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर, बाकीचे बिनप्रजननाचे उमेदवार. मादी गेली की नर मादी होतो आणि खालच्या रांगेतला पहिला उमेदवार नर. एच. फ्रिके आणि एस. फ्रिके यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं तेव्हा त्यांचा भर याच गोष्टीवर होता की बदल घडतो तो वरचढपणातून. वागणं आधी बदलतं, प्रजनन ग्रंथी नंतर, कित्येक महिने घेऊन. आणि हा रस्ता एकेरी आहे. मादीचा परत नर होत नाही.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये टँकमध्ये दोन माद्या होत्या, किंवा एक मादी आणि एक होऊ घातलेली. जुन्या माशाला इथून पुढे ‘जुनी’ म्हणायला हवं. दोघींपैकी कुणालाही एक पायरी खाली उतरायची सोय शरीरानं ठेवलेली नव्हती.

दुसरी गोष्ट मापाची. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या परक्युला क्लाऊनच्या गटांवर केलेलं काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की खालचे मासे आपली वाढ आवरून धरतात आणि वरच्याशी ठरावीक अंतर राखतात. वरचा मासा त्याच्या लगेच खालच्यापेक्षा लांबीला साधारण सव्वापट असतो. हे अंतर म्हणजेच त्यांच्यातला करार. मी तुझ्या जागेवर डोळा ठेवून नाही, हे लहान राहून सांगायचं. ७.२ आणि ६.८ या जोडीत असं सांगायला जागाच नव्हती.

तिसरी गोष्ट काचेची. समुद्रात हाकललेला मासा दुसरीकडे जातो किंवा मरतो. काही झालं तरी समोरून जातो. टँकमध्ये तो तीन फुटांपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून हाकलणाऱ्याचं काम कधी पुरंच होत नाही.

## चौथ्या दिवशी समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर मालकानं अनुभवी मंडळींकडे विचारणा केली. सुचवलेले उपाय बरेच होते, आणि प्रत्येक जण आपापल्या टँकमध्ये खराही ठरला असेल.

दगड आणि कुंडी हलवून टाका, म्हणजे हद्द पुसली जाईल, हा पहिला. हद्दीच्या भांडणात तो चांगला चालतो. इथं भांडण हद्दीचं कमी आणि जागेचं, म्हणजे पदाचं, जास्त होतं. दोन दिवस शांतता मिळाली असती, जखमी माशाला तेवढ्यात खायलाही मिळालं असतं, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसरा, दांडगाई करणाऱ्या जुनीला आठवडाभर बाजूला काढा आणि नवीला टँक वापरू द्या. मापात चांगला फरक असेल तेव्हाच याचा उपयोग. सारख्या मापात एवढंच होतं की आठवड्यानं दोघी ताज्या दमानं भांडतात.

आणखी चार-पाच क्लाऊन आणा, म्हणजे राग वाटला जाईल, असाही सल्ला मिळाला. ऑसेलारिसचे गट ठेवणारे लोक आहेत, पण ते सगळी पिल्लं एका दिवशी, एका मापाची, रिकाम्या टँकमध्ये सोडतात, आणि तरी वर्ष-दोन वर्षांनी गटाची जोडी होते. बाकीचे मार खातात. बसलेल्या मादीच्या १५० लिटरमध्ये हा प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. बाहेरून आरसा लावायचा उपाय तर जुनीला आणखी एक वैरी दाखवण्यासारखा.

टँकच्या मधोमध जाळीची भिंत घालून दोघींना कायमचं वेगळं ठेवणं शक्य होतं. मासे वाचले असते, जोडी झाली नसती, आणि दीड फुटाच्या दोन खोल्यांत सफाई करणं ही रोजची कटकट.

उरला शेवटचा पर्याय: नवीला बाहेर काढायचं, बरं करायचं, दुसरं घर शोधायचं, आणि जुनीसाठी अगदी लहान पिल्लू आणायचं. वेळखाऊ, पण माशांच्या स्वभावाच्या उलट न जाणारा एवढाच होता. दुकानदार जखमी मासा परत घ्यायला तयार नव्हता, त्यामुळे बरं करणं मालकाच्याच गळ्यात आलं.

जात कोणती हेही इथं तपासून घेतलं. दुकानात ऑसेलारिस आणि परक्युला दोन्ही ‘निमो’ म्हणून जातात. ऑसेलारिसच्या पाठीच्या पराला सहसा ११ काटे, परक्युलाला १०. दोन्ही त्यातल्या त्यात सोशिक. मरून किंवा टोमॅटो क्लाऊन असता तर पुढचे सगळे आकडे दुप्पट धरावे लागले असते, आणि मरूनची मादी कधी कधी जमलेल्या नरालाही मारते.

## नवीला बाहेर काढणं

दिवे गेल्यानंतर दोन तासांनी, लाल टॉर्चच्या उजेडात, एक लिटरच्या पारदर्शक बरणीनं नवीला उचललं. जाळी मुद्दाम वापरली नाही. क्लाऊनच्या गालावरचे बारीक काटे जाळीत गुंततात आणि सोडवताना आधीच दुखावलेले पर आणखी फाटतात. शिवाय अंगावरचा चिकट थर निघतो.

हॉस्पिटल टँक १८×१२×१२ इंचांचा, ३५ लिटरपर्यंत भरलेला. आत दोन इंची पीव्हीसीचा एल्बो लपायला, आणि स्पंज फिल्टर. इथं एक अडचण निघाली: स्पंज कोरा होता. मुख्य टँकमध्ये महिनाभर आधी ठेवलेला स्पंज असता तर त्यावर अमोनिया खाणारे जिवाणू तयार असते. नव्हते, म्हणून पहिले दहा दिवस रोज १० लिटर पाणी बदलावं लागलं, अमोनिया रोज तपासावा लागला. एक स्पंज कायम मुख्य टँकमध्ये टाकून ठेवण्याचा खर्च काहीच नाही; नसल्याचा खर्च दहा संध्याकाळी.

औषध घातलं नाही. फाटलेले पर स्वच्छ पाण्यात आपणहून भरतात. लक्ष ठेवायचं होतं ते तीन गोष्टींवर: जखमेच्या कडेला लाली किंवा कापसासारखा थर, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, आणि अंगावरून सुटणारा जाड चिकटा व सोबत धापा. शेवटचं लक्षण ब्रुकलिनेला या परजीवीच्या रोगाचं. क्लाऊनला तो दोन दिवसांत संपवतो, तिथं वाट पाहून चालत नाही, फॉर्मलिनचा इलाज लागतो. सुदैवानं यातलं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी नवीनं पहिला मायसिस (खाद्य म्हणून मिळणारा कोळंबीसारखा बारीक जीव) खाल्ला, तीन आठवड्यांत शेपूट भरलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ती क्लाऊन नसलेल्या एका टँकमध्ये गेली. सोबत तोच दोन इंची एल्बोही दिला, तिनं तो घर मानला होता.

## छोट्याची निवड

यावेळी वेगळ्या दुकानात, पंधरा-वीस पिल्लं एकत्र असलेल्या टँकसमोर पंधरा मिनिटं उभं राहून निवड झाली. सगळ्यांत मोठं, इतरांना ढोसणारं पिल्लू नको. ते आधीच वर चढायच्या बेतात असतं. कोपऱ्यात एकटं, पर मिटून उभं असलेलंही नको; ते आजारी किंवा खचलेलं. हवं ते मधल्या मापाखालचं, खायला पुढे येणारं, मोठं जवळ आलं की थरथरणारं. निवडलेलं पिल्लू २.८ सेंटिमीटरचं निघालं, जुनीच्या निम्म्याहूनही कमी. निसर्गातलं सव्वापटीचं अंतर हे जमलेल्या गटातलं. नव्यानं ओळख करून देताना त्याहून मोठं अंतर ठेवणं शहाणपणाचं.

पिल्लू हॅचरीतलं, म्हणजे पैदास केंद्रातलं, मागितलं. हॅचरीतली पिल्लं कोरडं खाणं खातात आणि रोग कमी आणतात. आपल्याकडे क्लाऊनचं प्रजनन आता नवलाचं राहिलेलं नाही. तमिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनं ते बऱ्याच वर्षांपूर्वी साधलं, आणि डोंबिवलीहून जवळच्या ऐरोलीत मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रातही सागरी शोभिवंत माशांचं काम चालतं.

छोट्याला आधी ३० दिवस हॉस्पिटल टँकमध्ये वेगळं ठेवलं. दिवाळीत हा टप्पा गाळला होता. तेव्हा निभावलं, पण ते नशीब.

## पेटी, आणि घाईची पहिली सोडणी

धान्य ठेवायचा तीन लिटरचा पारदर्शक डबा घेतला, त्याला ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटनं साठेक भोकं पाडली, कडा पॉलिश पेपरनं आतून-बाहेरून घासल्या. भोकाची धार राहिली तर पिल्लू त्यावरच अंग कापून घेतं. दोन सक्शन कपनी तो टँकच्या काचेला लावला, वर झाकण, आणि वेव्हमेकरचा हलका झोत भोकांतून आत जाईल असा कोन. मोजणीची पद्धत आईंनी बसवली: रोज दुपारी एक वाजता, खाणं घालायच्या आधी, स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून दहा मिनिटं बघायचं आणि जुनीनं डब्यावर किती धडका मारल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं.

डबा पहिल्यांदा कुंडीजवळ लावला, ‘ओळख लवकर होईल’ म्हणून. आकडे: ३४, २९, ३०, १७, ११, ८. सहाव्या दिवशीचा ८ बघून मालकाला धीर धरवला नाही. सातवा दिवस रविवार होता, घरी थांबून लक्ष ठेवता येणार होतं. त्यानं छोट्याला सोडलं.

छोटा सुटला तो थेट कुंडीत शिरला. सहा दिवस त्याला समोर ती एकच आडोशाची जागा दिसत होती. जुनी आत गेली आणि त्याला शेपटाला धरून बाहेर खेचलं. तासाभरात शेपटाची कड गेली, छोटा वेव्हमेकरच्या मागे जाऊन चिकटला. मालकानं यावेळी वाट पाहिली नाही, त्याच दुपारी बरणीनं उचलून परत डब्यात ठेवलं. दिवाळीतले तीन दिवस आणि हे तीन तास, शिकलेलं एवढंच, पण मासा त्यामुळेच वाचला.

इथं दुसरा निर्णय झाला. आठ धडका हा आकडा उतरता होता, पण शून्याजवळ नव्हता. आणि लोभाचं मूळ कुंडी होती. कुंडी बाहेर काढली. दगडांची रचना बदलली. डबा उजव्या टोकाला नेला. डाव्या दगडांच्या मागे एक इंची पीव्हीसीचा तुकडा ठेवला. त्यात छोटा सहज जाईल आणि जवळजवळ तीन सेंटिमीटर उंचीच्या जुनीचं अंग मावणार नाही. पुढचे आकडे: १२, ९, ६, ४, ३, १, ०, १, ०.

या दरम्यान एक गंमत जवळजवळ अंगाशी आली. पाचव्या-सहाव्या दिवशी आईंनी फोन केला, “अरे, हा छोटा सारखा कापतोय. थंडी वाजतेय का याला?” मालकानं येता येता तांब्याचं औषध विकत घेतलं. मुख्य टँकमध्ये ते पडलं असतं तर क्लीनर श्रिंप त्याच रात्री मेला असता. बिनकण्याच्या प्राण्यांना तांबं सोसत नाही. बाटली उघडायच्या आधी त्यानं डब्यासमोर बसून पाहिलं. जुनी डब्याजवळ आली की छोटा कलून थरथरायचा. ती वळली की थांबायचा आणि खायला लागायचा. आजारातली थरथर कुणी समोर असो-नसो चालूच राहते, सोबत अंग घासणं, धापा, खाणं सुटणं असतं. दिवाळीत चार दिवस जे दिसायला हवं होतं ते हेच. बाटली बंदच राहिली.

दुसऱ्यांदा सोडलं ते नवव्या दिवशीच्या शून्यानंतर, संध्याकाळी खाणं झाल्यावर, दिवे जायच्या तासभर आधी. पोट भरलेला मासा कमी भांडतो, आणि अंधारात पाठलाग थांबतो. परत उचलायचं कधी हे आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं: सलग दोन वेळचं खाणं चुकलं, नवी जखम दिसली, किंवा छोटा वरच्या कोपऱ्यात अर्ध्या तासाहून जास्त राहिला तर. तिन्हींतलं काही घडलं नाही. पहिली रात्र त्यानं पीव्हीसीत काढली, चौथी जुनीपासून वीतभर अंतरावर.

## निकाल

तीन आठवड्यांनी कुंडी परत ठेवली. दोघं तिच्यात राहायला लागले, छोटा दाराशी, जुनी आत. रोजचं ढोसणं चालू राहिलं आणि ते राहणारच. छोटा थरथरतो, प्रकरण मिटतं. सहा महिन्यांत तो ४.६ सेंटिमीटरवर पोचला.

सोडल्यापासून दहा महिन्यांनी, डिसेंबरात, दोघं कुंडीची आतली भिंत तोंडानं घासताना दिसले आणि दोन दिवसांनी तिथं नारिंगी अंड्यांचा थर दिसला. त्यानंतर वेगळाच ताप सुरू झाला. अंडी असतात ते सात-आठ दिवस जुनी फायरफिशला उजव्या टोकाच्या पुढे येऊ देत नाही, आणि काच पुसणाऱ्या हाताला चावते. चावा लागत नाही, पण माणूस दचकतो, आणि दचकलेल्या हातातून एकदा चुंबक कुंडीवर पडलं. आता अंडी असतील त्या आठवड्यात डावी बाजू पुसली जात नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

मादी गेल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक लहान पिल्लू आणलं असतं तर जुन्या नराला मादी व्हायला वाट मोकळी होती, पिल्लाला नर व्हायला जागा होती, आणि पेटीतले दिवस बहुधा निम्म्यावर आले असते. पाच महिने थांबल्यानं रस्ता बंद झाला नाही, पण जुनी तोवर एकटीची सवय लागलेली, घर धरलेली मादी झाली होती.

थांबणं झालंच होतं तर खरेदीच्या दिवशी एकच गोष्ट पुरली असती: घरून निघताना जुन्याची लांबी काचेवर पट्टी धरून मोजायची, आणि तिच्या निम्म्याहून मोठा कुठलाही मासा पाहायचाच नाही. नर की मादी हा प्रश्न दुकानात सुटत नाही, मापाचा प्रश्न पट्टीनं सुटतो. एकट्यानं महिनोन्‌महिने राहिलेला मासा, माप काहीही असो, वरचढ धरायचा.

पहिल्या सोडणीबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते आठ धडकांवर सोडणं चूक नव्हतं, चूक कुंडी न काढण्याची होती. आमच्या मते दोन्ही. पण निवड करायची झाली तर कुंडी आधी काढावी. ती नसती तर आठ धडकांनंतरही छोट्याला शेपूट शाबूत ठेवता आलं असतं.

आणि झाकण. पंख्यांना वारा हवा आणि टँकला आडोसा हवा, दोन्ही जमतं. खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची चौकट टँकच्या मापानं करून घेतली, पण डासांच्या जाळीऐवजी तिच्यात ६ मिलिमीटरच्या छिद्रांची नायलॉनची जाळी ताणून बसवली. डासांच्या जाळीतून वारा कमी जातो आणि मिठानं तिची छिद्रं महिन्याभरात बुजतात. स्किमरच्या जागी कोपरा कापला, तिथं स्पंजची पट्टी खोचली, कारण फायरफिशला बोटभर फटही पुरते. पंखे आता जाळीच्या वर बसतात. पुढच्या मेमध्ये पाणी साडेअठ्ठावीसच्या वर गेलं नाही.